पिल्लाचे पहिले बारा आठवडे

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरते, त्याच सुमाराला गल्लीबोळांत कुत्र्यांची पिल्लं दिसू लागतात. जिन्याखाली, वाळूच्या ढिगावर, एखाद्या फाटक्या पोत्यावर चार-पाच जणं एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेली असतात. मग वर्गात प्रश्न येतात. ‘‘बाई, पिल्लू किती दिवसांचं झालं की घरी न्यायचं?’’ ‘‘सर, ते घरात घाण करतं. मारलं तर सुधारेल का?’’ ‘‘आमच्या शेजारचा कुत्रा सगळ्यांवर धावून जातो, तो जातीचाच तसा आहे का?’’

प्रश्न साधे आहेत. पण शंभर वर्षांपूर्वी ते एखाद्या नामवंत प्रशिक्षकाला विचारले असते, तर त्याची बरीचशी उत्तरं आज आपल्याला चुकीची वाटली असती. माणूस हजारो वर्षं कुत्रा पाळतो आहे. तरीही पिल्लाच्या मनात काय, कधी आणि कसं रुजतं हे नीट तपासायला विसावं शतक अर्धं उलटावं लागलं. ही तपासणी कशी झाली, ते आपण पाहू.

सर्वांत जुनी शुश्रूषा

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक जुनं दफन सापडलं. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याची हाडं होती. हे दफन सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचं आहे. हा कुत्रा मेला तेव्हा जेमतेम सात महिन्यांचा होता. २०१८ साली संशोधकांनी त्याचे दात बारकाईने तपासले. दातांवरच्या खुणांवरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की त्याला लहानपणी डिस्टेंपर हा गंभीर आजार झाला असावा आणि त्या आजारातही तो कित्येक आठवडे जगला असावा. अशा अवस्थेत पिल्लाला स्वतः खाणं-पिणं शोधता येत नाही. म्हणजे कुणीतरी त्याला पाणी पाजलं असणार, ऊब दिली असणार. शिकारीला किंवा राखणीला त्या आजारी पिल्लाचा काहीही उपयोग नव्हता, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

पिल्लाची काळजी घेणं माणसाला असं फार पूर्वीपासून जमत होतं. त्याला समजून घेणं मात्र बरंच उशिरा जमलं.

आधी हुकूम

कुत्र्यांच्या प्रशिक्षणावरचं एक महत्त्वाचं आधुनिक पुस्तक १९१० साली जर्मनीत प्रसिद्ध झालं. लेखक कोनराड मोस्ट हे पोलीस अधिकारी होते. मोस्ट यांचं एक म्हणणं आजही पटण्यासारखं आहे: कुत्र्याला नीती-अनीती कळत नाही, कृतीनंतर लगेच काय घडलं, एवढंच त्याला कळतं. म्हणून शाबासकी किंवा शिक्षा त्याच क्षणी झाली पाहिजे. पण त्यांच्या पद्धतीत पट्ट्याला हिसका देणं आणि जबरदस्ती करणं यांचा वाटा मोठा होता. त्या काळी, आणि नंतरही अनेक वर्षं, बहुतेक प्रशिक्षकांचा समज असा की खरं शिक्षण पिल्लू निदान सहा महिन्यांचं झाल्यावरच सुरू करायचं. त्याआधी पिल्लाला ही पद्धत सोसणार नाही, हे त्याचं एक कारण होतं. तोपर्यंत पिल्लाने खावं, वाढावं. बाकी काही व्हायचं नाही, असं गृहीत होतं.

याच काळात रशियात इव्हान पावलोव कुत्र्यांवर प्रयोग करत होते. त्यांना १९०४ सालचं नोबेल पारितोषिक पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं, पण नाव झालं ते अभिसंधानामुळे. अन्न देण्याआधी दरवेळी ठराविक आवाज ऐकवला, तर पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. आपण पाठ्यपुस्तकात हे शिकवतोच. पण एक प्रश्न उरतो. हे असं शिकणं पिल्लाला कोणत्या वयापासून जमतं?

या प्रश्नाला धार आली ती कोनराड लोरेन्झ यांच्या १९३५ सालच्या लेखाने. हंसाच्या जातीची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या काही तासांत जी हलणारी मोठी वस्तू पाहतात, तिच्या मागे जाऊ लागतात. ती वस्तू आई असो की दाढीवाला शास्त्रज्ञ असो. ही संधी ठराविक वेळेपुरतीच असते. मग सस्तन प्राण्यांतही असा काही काळ असेल का?

बार हार्बरचं कुंपण

अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बर नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत दुसऱ्या महायुद्धानंतर जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वर्तनाचा मोठा अभ्यास सुरू केला. मूळ हेतू होता वर्तनात आनुवंशिकतेचा भाग किती, हे शोधण्याचा. त्यासाठी त्यांनी एकमेकांहून वेगळ्या पाच जाती निवडल्या: बसेंजी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलंड शीपडॉग आणि वायरहेअर्ड फॉक्स टेरियर. वर्तनातला जातीजातींमधला फरक मोजायचा तर सर्व पिल्लं अगदी एकसारख्या परिस्थितीत वाढवायला हवीत. म्हणून जन्मापासून रोजच्या रोज नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या, आणि त्या नोंदींतून एक वेगळंच चित्र पुढे आलं.

पहिले दोन आठवडे पिल्लाचे डोळे आणि कान मिटलेले असतात. ते चोखतं, झोपतं, उबेकडे सरकतं. आईने चाटल्याशिवाय त्याला शी-शूदेखील होत नाही. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी डोळे उघडतात. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ते आवाजाने दचकू लागतं. याच सुमाराला अभिसंधानही स्थिरपणे होऊ लागतं. त्याआधी शिकवलेलं जवळपास टिकतच नाही. आणि मग एकदम दार उघडावं तसं होतं. पिल्लू भावंडांशी खोटं खोटं भांडू लागतं, शेपूट हलवतं, माणसाकडे धावत येतं. स्कॉट यांनी सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याच्या या टप्प्याला सामाजिकीकरणाचा काळ म्हटलं. १९५० साली मेरी व्हेस्टा मार्स्टन यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात त्यांनी ‘निर्णायक काळ’ ही कल्पना पिल्लांसाठी मांडली.

पण नोंदी म्हणजे पुरावा नव्हे. हा काळ खरोखर निर्णायक आहे का, हे तपासायचं तर काही पिल्लांना तो नाकारावा लागेल. डॅनियल फ्रीडमन, जॉन किंग आणि ऑर्व्हिल एलियट यांनी नेमकं तेच केलं. त्यांचा निबंध १९६१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातीच्या आठ वेतांची पिल्लं त्यांच्या आयांसह उंच कुंपण घातलेल्या एकेका एकराच्या मैदानात ठेवली गेली. खाणं-पाणी कुंपणातल्या भोकांतून दिलं जाई, म्हणजे पिल्लांना माणूस दिसणार नाही. प्रत्येक वेतातल्या पिल्लांपैकी काहींना दुसऱ्या आठवड्यात, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात एकेका आठवड्यासाठी बाहेर काढून माणसांत ठेवलं आणि परत मैदानात सोडलं. काही पिल्लांना चौदा आठवड्यांपर्यंत बाहेर काढलंच नाही. चौदाव्या आठवड्यात सर्वांची परीक्षा झाली.

तीन आठवड्यांचं पिल्लू माणूस दिसताच जवळ येऊन त्याचे कपडे चावू लागे. सात आठवड्यांचं पिल्लू पहिले दोन दिवस बिचकून राही आणि मग जवळ येई. नऊ आठवड्यांच्या पिल्लाला त्याहूनही वेळ लागे. दोन आठवड्यांची पिल्लं इतकी अपक्व होती की त्यांच्यावर त्या आठवड्याचा फारसा परिणामच झाला नाही. आणि ज्यांनी चौदा आठवडे माणूस पाहिलाच नव्हता, ती पिल्लं रानटी प्राण्यांसारखी वागली. त्यांतल्या एकाला पुढे तीन महिने रोज हाताळून, कुरवाळून माणसाळवण्याचा प्रयत्न केला. ते अगदी थोडंच बदललं.

जातिवंत, निरोगी, माणसासाठीच पिढ्यान्‌पिढ्या पैदास केलेली ही पिल्लं होती. तरीही त्यांच्या हातून काही आठवडे निसटले आणि माणूस त्यांना कायमचा परका झाला. त्या पिल्लांनी या ज्ञानाची किंमत मोजली, हे विसरून चालणार नाही. आज असा प्रयोग करायचा म्हटलं, तर त्याला परवानगी देताना कुणीही दहा वेळा विचार करेल.

स्कॉट आणि फुलर यांनी आपलं सगळं काम १९६५ साली ग्रंथरूपाने मांडलं. पिल्लू नव्या घरी नेण्यासाठी सर्वांत योग्य वय सहा ते आठ आठवडे, असा त्यांचा सल्ला होता. त्याहून फार लवकर नेलं तर ते आई आणि भावंडांकडून शिकायचं राहून जातं. खेळताना किती जोराने चावलं की भावंड ओरडून खेळ थांबवतं, हा धडा माणूस देऊ शकत नाही.

अंधांचे वाटाडे

प्रयोगशाळेतलं हे ज्ञान बाहेर किती उपयोगी पडतं, याचा पडताळा एका वेगळ्याच ठिकाणी आला. अंध व्यक्तींना वाट दाखवणारे कुत्रे तयार करण्याची कल्पना पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी जर्मनीत आकाराला आली. तिथे १९१६ साली पहिली शाळा निघाली. १९२९ मध्ये अमेरिकेतही अशी संस्था सुरू झाली. १९४२ साली कॅलिफोर्नियात आणखी एक संस्था निघाली आणि पुढे सॅन राफेल या गावी गेली. तिच्यापुढे एक मोठी अडचण होती. पैदास चांगली, खाणं चांगलं, प्रशिक्षक अनुभवी. पण शिकायला घेतलेले बरेचसे कुत्रे शेवटपर्यंत टिकत नसत. रहदारीच्या रस्त्यावर बिचकणारा कुत्रा अंध माणसाला धोक्यातच घालणार.

क्लॅरेन्स फाफेनबर्गर हे या संस्थेत पिल्लांची चाचणी घेत. त्यांनी स्कॉट यांच्याशी संपर्क साधला आणि दोघांनी मिळून जुन्या नोंदी तपासल्या. तिथली पद्धत अशी होती: आठव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लांच्या चाचण्या व्हायच्या आणि मग ती वाढवण्यासाठी कुटुंबांकडे दिली जायची. त्यांना सांभाळत ती ग्रामीण युवक मंडळांतली शाळकरी मुलं-मुली. वर्षभराने कुत्रा परत येई आणि खरं प्रशिक्षण सुरू होई. पण कधी कधी घर लगेच मिळत नसे आणि पिल्लू चाचण्यांनंतर पिंजऱ्यातच राही.

१९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात नेमकी हीच गोष्ट मोजलेली आहे. चाचण्या संपल्यावर एका आठवड्याच्या आत घरी गेलेल्या पिल्लांपैकी सुमारे ९० टक्के पुढे यशस्वी वाटाडे झाले. जी पिल्लं तीन आठवड्यांपेक्षा जास्त पिंजऱ्यात राहिली, त्यांतली सुमारे ३० टक्केच यशस्वी झाली. जात तीच, चाचणीत उत्तीर्ण झालेली पिल्लंही तीच, वर्षभरानंतरचं प्रशिक्षणही तेच. तोवर अशा कुत्र्यांना ‘बुद्धी कमी’ किंवा ‘रक्तातच भित्रा’ असं म्हणून बाद केलं जाई. प्रत्यक्षात खोट कुत्र्यात नव्हती. त्याचे काही आठवडे वाया गेले होते.

शिक्षा की खाऊ?

कधी शिकवायचं याचं उत्तर असं मिळालं. कसं शिकवायचं, याचा शोधही त्याच सुमाराला चालू होता. बी. एफ. स्किनर यांनी १९५१ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये सामान्य वाचकांसाठी एक लेख लिहिला. दाबल्यावर ‘टिक’ असा आवाज करणारं खेळणं घ्या. आवाज केला की लगेच खाऊ द्या. कुत्र्याला आवाज आणि खाऊ यांचं नातं कळलं, की मग हव्या त्या हालचालीच्या क्षणी तो आवाज करा. हालचाल थोडी जमली तरी आधी दाद द्या आणि हळूहळू अपेक्षा वाढवा. यात हिसका नाही, मार नाही. आणि क्षण साधण्याचा मोस्ट यांचा मुद्दाही सांभाळला गेला.

तरीही शिक्षेचा मार्ग लोकप्रिय राहिला. त्याला आधार मिळाला तो लांडग्यांच्या अभ्यासाचा. रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर १९४७ साली लिहिलं होतं की लांडगे वरच्या जागेसाठी सतत झगडतात. त्यावरून १९७० च्या दशकात असा सल्ला देणारी पुस्तकं आली की मालकाने कळपाचा म्होरक्या व्हावं, पिल्लाला पाठीवर पाडून दाबून धरावं. डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या ग्रंथामुळे म्होरक्याची कल्पना आणखी पसरली. पण पुढे मेक यांनीच मुक्त लांडगे अनेक उन्हाळे जवळून पाहिले आणि १९९९ मध्ये स्वतःचं मत बदललं. नैसर्गिक कळप म्हणजे बहुतेकदा आई-बाप आणि त्यांची पोरं. पिंजऱ्यात कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांची भांडणं पाहून आपण कुटुंबाचे नियम ठरवले होते! शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे, हेही आहेच.

दोन चांगले सल्ले, एकमेकांविरुद्ध

१९७८ साली एक नवं संकट आलं. कुत्र्यांमध्ये पार्वो विषाणूचा आजार अचानक जगभर पसरू लागला. रक्ताची हगवण आणि उलट्या होऊन पिल्लं दोन-तीन दिवसांत दगावत. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. लस लवकरच आली, पण एक पेच राहिला. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला प्रतिपिंडं मिळतात. ती त्याचं रक्षण करतात, पण लसही निष्फळ करतात. ती कधी संपतील ते प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यावी लागते. ‘‘इतकी इंजेक्शनं कशाला?’’ या प्रश्नाचं हे उत्तर आहे.

मग अनेक पशुवैद्य सांगू लागले, लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लू घराबाहेर काढू नका. म्हणजे सोळा आठवडे! पण तोवर सामाजिकीकरणाचा काळ संपून गेलेला असतो. पार्वोपासून वाचलेलं पिल्लू मोठेपणी माणसांना घाबरून चावू लागे, आणि त्यापायी सोडून दिलं जाई किंवा मारलं जाई. अमेरिकेतल्या प्राणिवर्तन अभ्यासणाऱ्या पशुवैद्यांच्या संस्थेने २००८ साली यावर स्पष्ट भूमिका घेतली. पहिल्या लसीनंतर सात दिवसांनी, म्हणजे सात-आठ आठवड्यांच्या वयातही, स्वच्छ जागी आणि निरोगी कुत्र्यांच्या सोबतीत पिल्लाला बाहेरच्या जगाची ओळख करून द्यावी. तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण संसर्ग नसून वर्तनाच्या अडचणी हे आहे, असंही तिने म्हटलं.

आपल्या अंगणात

आता वर्गातल्या प्रश्नांकडे परत येऊ.

पिल्लू केव्हा न्यावं? आठ आठवड्यांच्या आसपास, त्याआधी नको. डोळे नुकते उघडलेलं पिल्लू दप्तरात घालून आणणाऱ्या मुलाला ते आईपाशी परत ठेवायला सांगावं. घरी आणलं की पहिल्याच आठवड्यात पशुवैद्याकडे न्यावं. जंताचं औषध आणि लसींचं वेळापत्रक त्यांच्याकडून घ्यावं. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात देतात. नंतरच्या आठवड्यांत त्याला कडेवर घेऊन पाऊस, भांड्यांचा आवाज, स्कूटर, टोपीवाला माणूस, काठी टेकणारी आजी यांची ओळख करून द्यावी. हळूहळू, थोडा खाऊ देत, ते घाबरत नाही ना हे पाहत.

घरात घाण केली तर? स्कॉट यांच्या नोंदींनुसार तिसऱ्या आठवड्यानंतर पिल्लू झोपायच्या जागेपासून दूर जाऊन शी-शू करतं, आणि सुमारे साडेआठ आठवड्यांचं झालं की ठराविक जागा निवडू लागतं. म्हणजे स्वच्छता त्याच्यात असतेच. आपण फक्त जागा दाखवायची. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर त्याला त्याच जागी न्यावं आणि तिथे काम झालं की लगेच कौतुक करावं. तासाभरानंतर नाक घासून किंवा मारून ते एवढंच शिकतं की माणसाच्या हाताला भ्यावं.

आणि शेजारचा कुत्रा? जातीचा थोडा वाटा असतो. स्कॉट आणि फुलर यांनाही जातीजातींत फरक आढळलेच. पण त्या कुत्र्याचे पहिले बारा आठवडे कसे गेले, ते साखळीला बांधून गेले का, हे आधी विचारावं.

रस्त्यावरच्या पिल्लांचं काय होतं, याचा भारतातच चांगला अभ्यास झाला आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधली ३६४ पिल्लं जन्मापासून पाहिली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, त्यांतली फक्त १९ टक्के सात महिन्यांची झाली. सुमारे ६३ टक्के मृत्यूंना माणूस या ना त्या प्रकारे कारणीभूत होता. जी जगतात त्यांना माणसाची ओळख होते ती दगडातून किंवा बिस्किटातून. पुढे ती आपल्याशी कशी वागणार, हे त्या ओळखीवरही ठरतं.

एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगायला हवी. पिल्लू लहान असलं तरी त्यालाही रेबीज असू शकतो. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखान्यात जावं. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ या धाकाने पूर्वी मुलं चावल्याचं लपवत. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता लस दंडात देतात आणि मात्रा मोजक्याच असतात.

शेवटी शिक्षक म्हणून एक सावधगिरी. ही हकिगत वाचताना आपल्या वर्गातली मुलं आठवणं साहजिक आहे. आम्हालाही ती आठवली. पण कुत्र्याचे निष्कर्ष मुलांना जसेच्या तसे लावू नयेत. मुलाचं बालपण कितीतरी लांब आणि लवचीक असतं. कुत्र्यांच्या बाबतीतही आज बरेच अभ्यासक ‘निर्णायक काळ’ न म्हणता ‘संवेदनशील काळ’ म्हणतात. कारण दार हळूहळू मिटत जातं, आणि उशीर झालेल्या कुत्र्यालाही चिकाटीने काही ना काही शिकवता येतं. सॅन राफेलच्या नोंदींतून आपण एक सवय मात्र नक्की उचलू शकतो. एखाद्याला ‘मुळातच तसा’ म्हणण्याआधी त्याचे कोणते आठवडे कुठे गेले, हे वहीत शोधून पाहावं.